गाडी तीच, काम वेगळं

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरींनी मला विचारलं, "काका, कशावर बोलणार?" मी म्हटलं, "गाडीच्या विम्यावर." त्यांचा चेहरा जरा पडला. काल भावगीतांचा कार्यक्रम झाला, उद्या पाककला स्पर्धा आहे, आणि मध्ये हा विमा! मग तेच म्हणाले, "चहा भाषणानंतर ठेवू या, म्हणजे कोणी उठणार नाही." तेव्हा चहाची हमी आहे, बसून घ्या.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर होत्या, मुलांच्या सायकली होत्या आणि चारचाकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. नवी गाडी आली की अख्खी विंग पेढे खायला खाली यायची. आज सर्वसाधारण सभेत निम्मा वेळ पार्किंगच्या भांडणात जातो. म्हणजे गाड्या वाढल्या, हे सगळ्यांना दिसतं. पण त्या गाड्यांची कामंही बदलली, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी गाडी म्हणजे रविवारी सिंहगड आणि मे महिन्यात गाव. आता त्याच गाडीतून कोणी केक पोचवतं, कोणी एअरपोर्टला सोडतं, कोणी ऑफिसच्या तिघांना हिंजवडीला नेतं. गाडी तीच, काम वेगळं. आणि विम्याचा कागद मात्र पहिल्या दिवशी होता तोच.

मी आयुष्यभर एका सरकारी विमा कंपनीत मोटार क्लेम विभागात काम केलं. त्यामुळे लोक मला जिन्यात गाठून विचारतात, "काका, कुठल्या कंपनीचा विमा घेऊ?" ते मी आज सांगणार नाही. मला एवढंच सांगायचं आहे की कंपनी कुठलीही असो, तुम्ही गाडी कशासाठी वापरता हे तिला आधी सांगा. अपघातानंतर नाही, आधी.

तुम्ही म्हणाल, कंपनीने विचारलं तर सांगू ना! इथेच घोटाळा आहे. माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथे विमा घेताना विचारतात, गाडी फक्त घरगुती कामाला आणि फिरायला वापरणार, की रोज कामावर जायला, की धंद्याच्या कामाला? वर्षाला किती मैल चालणार? उत्तराप्रमाणे हप्ता ठरतो. आपल्याकडे खासगी गाडीचा विमा घेताना एवढी विचारपूस होत नाही. नूतनीकरण तर मोबाइलवर दोन मिनिटांत होतं. फॉर्म एजंट भरतो, आपण सही करतो. त्यामुळे आपल्याला वाटतं, सांगण्यासारखं काही नाहीच.

पण आपल्याकडे ते उत्तर आधीच छापलेलं असतं. घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' या शीर्षकाखालच्या ओळी वाचा. खासगी गाडी कुठल्याही कामाला वापरा, असं तिथे म्हटलेलं असतं, पण काही गोष्टी वगळून. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर नको. मालवाहतूक नको; सोबतचं स्वतःचं सामान आणि नमुने चालतील. शर्यती, वेगाच्या चाचण्या नकोत. मोटार विक्री-दुरुस्तीच्या धंद्यासाठी वापर नको. म्हणजे आपण सही करतो तेव्हा "मी यातलं काही करणार नाही" असं लिहून दिलेलं असतं. कामावर जायला-यायला गाडी वापरली तर आपल्याकडे काही अडचण नाही. मित्राने चालवली, त्याच्याकडे वैध लायसन्स असलं, तरी नाही. प्रश्न येतो तो पैसे आणि माल आले की.

आता माझीच गोष्ट सांगतो. ही गोष्ट काही जणांना अर्धवट माहीत आहे, आज पूर्ण ऐका.

आमच्या सौभाग्यवतींचा फराळ तुम्ही सगळ्यांनी खाल्लेला आहे. सुरुवात 'सी' विंगमधल्या दोन घरांच्या चकलीपासून झाली. मग ओळखीतून ओळख, मग ऑफिसांच्या ऑर्डरी. मी ऑफिसातून आलो की माझं काम डब्यांना लेबल लावायचं. आणि हे सगळे डबे जायचे आमच्या छोट्या लाल गाडीतून. मागची सीट आडवी केली की बरंच काही मावायचं. मी क्लेम विभागातला माणूस. लोकांना अटी समजावून सांगणारा. पण माझ्याच गाडीत दर दिवाळीला माल भरला जातोय, हे मला कधी 'माल' वाटलंच नाही. तो हिचा फराळ होता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

२०१३ ची दिवाळी. धनत्रयोदशीच्या आधी मुंबईच्या एका ऑफिसची मोठी ऑर्डर होती. हिच्या बहिणीचा मुलगा गाडी घेऊन निघाला. घाट उतरताना पुढच्या ट्रकने ब्रेक मारला आणि आमची गाडी मागून त्यात घुसली. देवाची कृपा, मुलाच्या मनगटावर निभावलं. गाडीचं बॉनेट, रेडिएटर, पुढचं सगळं गेलं. आणि रस्त्यावर चकल्या आणि करंज्यांचा सडा. त्या मुलाने मला फोन केला तो रडतच. पण त्याआधी विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तो सांगून मोकळा झाला होता, "घरचा फराळ नातेवाइकांकडे नेत होतो." त्याला वाटलं, काकांची अडचण वाचवली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सर्व्हेअर आला. हे सर्व्हेअर स्वतंत्र, परवानाधारक असतात, कंपनीचे नोकर नसतात. हा तरुण मला ओळखत होता. त्याने गाडी बघितली, फोटो काढले, आणि जाताना हळूच म्हणाला, "साहेब, मागे डबे बरेच होते. उद्या तुमचा लेखी जबाब लागेल. तुम्ही लिहाल ते मी लावून टाकतो." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, आदर होता. आणि तोच आदर मला जड झाला.

रात्री मी कागद घेऊन बसलो. 'घरचा फराळ' हे शब्द तसे खोटेही नव्हते. घरीच केला होता! ही स्वयंपाकघरातून आली, माझ्यासमोर बिलबुक ठेवलं आणि म्हणाली, "अहो, ऑर्डर यात लिहिलेली आहे. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. पण मला ते पान फाडायला सांगू नका."

मी पान फाडायला सांगणार नव्हतो, असं मला आज ठामपणे म्हणता येत नाही. विचार मनात आला होता. पण ती तसं बोलली आणि प्रश्न मिटला. मी खरं लिहिलं: विक्रीचा फराळ, एवढे डबे, अमुक ऑर्डर. सोबत बिलाची झेरॉक्स जोडली. मुलाचा फोनवरचा जबाब चुकीचा होता, तेही लिहिलं.

पुढे काय झालं? घसारा वगैरे वजा जाऊन नुकसान धरलं गेलं ९६ हजार रुपये. अटीचा भंग झाला होता, पण क्लेम पूर्ण नाकारला नाही. आमच्या धंद्यात 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड म्हणतात, तशी ७५ टक्के रक्कम मंजूर झाली. ७२ हजार मिळाले, २४ हजार गेले. त्या वेळी पुणे-मुंबई छोटा टेम्पो करायला मला चार हजारांच्या आसपास खर्च आला असता. चार वाचवायला गेलो आणि चोवीस घालवले.

हे ७५ टक्के म्हणजे हक्क आहे, असं मात्र समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने अशा काही प्रकरणांत ही वाट मान्य केली आहे. २००८ च्या एका निकालात गाडीचा विमा खासगी होता, वापर टॅक्सीसारखा चालू होता, आणि गाडी चोरीला गेली. चोरीचा आणि वापराचा संबंध नाही, म्हणून ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. पण त्यासाठी मालकाचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. आपल्यापैकी कितीजणांची तेवढी तयारी आहे? आणि जबाबात खोटं निघालं की मग ७५ टक्के राहोच, पूर्ण क्लेम धोक्यात येतो.

त्या चोवीस हजारांपेक्षा मला दुसरी एक गोष्ट जास्त लागली. नोकरीत असताना कित्येक फायलींवर मी शेरा मारला होता, "वापर पॉलिसीच्या अटींबाहेर." त्या माणसांना खरंच माहीत नव्हतं का, की त्यांनी लपवलं, याचा विचार मी फारसा केला नव्हता. स्वतःवर आल्यावर कळलं की बहुतेक जण लपवत नाहीत. आपलं काम बदललंय, हेच त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. नंतर आम्ही ऑर्डरी टेम्पोने पाठवू लागलो. धंदा वाढल्यावर हिने पिवळ्या पाटीची छोटी मालवाहू गाडी घेतली, तिचा विमा मालवाहतुकीचाच. लाल गाडीत आता फक्त आम्ही दोघं.

इथपर्यंत पैशांची गोष्ट झाली. आता दुसरी सांगतो. ती सांगायला संबंधितांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र मी घेणार नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्यातल्या एकांची नोकरी गेली. घरात गाडी होती, हप्ते चालू होते. त्यांनी एअरपोर्टला सोडणं-आणणं सुरू केलं. शाळा सुरू झाल्यावर आपल्याच सोसायटीतली चार मुलं ते शाळेत सोडू लागले. पालक महिन्याला पैसे द्यायचे. वक्तशीर माणूस, गाडी स्वच्छ, मुलं खूश. आणि त्या चार मुलांत माझी नात होती. म्हणजे फराळाचा धडा शिकलेला हा विमेवाला माणूस रोज सकाळी खिडकीतून नातीला टाटा करत होता, आणि त्याच्या डोक्यात काही येत नव्हतं. असा मी शहाणा!

२०२२ च्या जूनमध्ये एका रात्री साडेनऊला त्यांनीच आमची बेल वाजवली. त्यांनी आमच्या फराळाची गोष्ट कोणाकडून तरी ऐकली होती. म्हणाले, "काका, मी चार मुलं नेतो. काही झालं तर विमा आहे ना?"

मी त्यांना बसवलं आणि जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. मोटार वाहन कायद्यानुसार प्रवासी भाड्याने न्यायचे तर गाडीला परमिट लागतं. परमिट नसलेली खासगी गाडी भाड्याने वापरली, तर विमा कंपनीला न्यायाधिकरणापुढे तोच बचाव घेता येतो. न्यायाधिकरणं पुष्कळदा जखमी माणसाकडे बघून कंपनीला आदेश देतात की भरपाई आधी तुम्ही द्या आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करा. म्हणजे जखमी मुलाला पैसे मिळतीलही, पण ते शेवटी निघणार या माणसाच्या घरातून, फ्लॅट विकून. आणि कंपनीवर जबाबदारी आलीच नाही, तर मुलाच्या आईवडिलांना आपल्याच शेजाऱ्याविरुद्ध वसुलीसाठी धावावं लागणार. दोन्हीकडून घर आपल्याच सोसायटीतलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण काका, टॅक्सीचा विमा मला परवडणार नाही." आम्ही कागदावर हिशेब मांडला. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये होते. त्याच ताकदीच्या टॅक्सीला ७,९४० रुपये, अधिक प्रत्येक प्रवाशामागे ९७८. चार प्रवासी धरले तर ११,८५२ रुपये. फरक ८,४३६, म्हणजे महिन्याला सातशेच्या आसपास. त्यावर जीएसटी, शिवाय परमिट, फिटनेस, टॅक्स वेगळे. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण आकडा समोर आल्यावर भीती कमी झाली.

त्यांनी आरटीओत गाडीची नोंद बदलून घेतली, पिवळी पाटी लावली, परमिट काढलं, विमा बदलून घेतला, आणि एअरपोर्टचं काम राजरोस सुरू केलं. शाळेच्या मुलांचं काम मात्र सोडलं. त्यासाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत आणि ते त्यांच्या गाडीला झेपणारे नव्हते. मग चार घरांनी आपसांत पाळी लावली. सोमवारी हे, मंगळवारी ते, पैशांची देवघेव नाही. माझ्या मुलाचा वार गुरुवार. मात्र पाळी लावण्याआधी चारही घरांच्या पॉलिसी मी तपासल्या. कारण नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्याच खासगी गाडीत बसलेल्या पाहुण्याला संरक्षण धरलेलं नसतं. त्यासाठी पूर्ण म्हणजे पॅकेज पॉलिसी लागते. एका घराची नव्हती, त्यांनी ती घेतली.

आता थोडक्यात, कंपनीला काय काय कळवायचं ते सांगतो. मनात आपापली गाडी आणा.

पहिलं, गाडीतून पैसे मिळायला लागले, किंवा विक्रीचा माल जायला लागला, तर कळवा. ऑफिसचे सहकारी पेट्रोल वाटून घेत असतील, त्यात नफा नसेल, तरी एक ई-मेल टाकून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. जिन्यातल्या माझ्या सल्ल्यापेक्षा ते उत्तर उपयोगी पडेल.

दुसरं, बाहेरून सीएनजी किट बसवलं तर आरसी बुकात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे नोंद करा. पूर्वापार पद्धतीने किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीसाठी साठ रुपये असा जादा हप्ता बसतो. एवढ्यासाठी लोक नोंद करत नाहीत, आणि गाडीने पेट घेतला की पहिला प्रश्न किटचाच येतो.

तिसरं, पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीचं कलम घ्या. आपल्यातल्या अनेक ज्येष्ठांनी ड्रायव्हर ठेवले आहेत. त्या कलमाचे वर्षाला पन्नास रुपये होतात. एका चहा-वड्याची किंमत.

चौथं, जुनी गाडी घेतली तर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही. आपण क्लेम घेतलेला असताना "घेतला नाही" असं लिहून बोनस लाटलात, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम त्यावर अडू शकतो.

पाचवं, कळवण्यात नेहमी तोटाच असतो असं नाही. मुलं परदेशी गेली, गाडी आता फक्त मंडईत आणि दवाखान्यात जाते, अशी किती घरं इथे आहेत! विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना वापरानुसार हप्ता आकारणारी जोड-कलमं द्यायला परवानगी दिली. किलोमीटर कमी तर स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता कमी. विचारून बघा. फक्त किलोमीटरचा आकडा खरा सांगा आणि मर्यादा ओलांडायच्या आत कळवा.

कळवायचं कसं? लेखी. पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, काय बदललं आणि कुठल्या तारखेपासून, एवढ्या चार ओळी. त्यावर कंपनीने दिलेलं एन्डॉर्समेंट हातात आलं की काम झालं. "एजंटला सांगितलं होतं" या वाक्याला माझ्या उभ्या नोकरीत कुठल्या फायलीत किंमत मिळालेली मी पाहिली नाही.

आणि सगळं खरं सांगूनही कंपनीने अन्याय केला, तर घाबरू नका. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा. तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपाल आहे. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. खरं सांगितलेल्या माणसाची बाजू तिथे मांडायला सोपी जाते. हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून सांगतोय.

मंडळी, पंचवीस वर्षांत आपण या आवारात एकमेकांच्या गाड्यांतून बाळंतिणी नेल्या, आजारी माणसं नेली, गणपतीही आणले. ते सगळं असंच चालू राहू दे. शेजारधर्माला कुठलीही पॉलिसी आड येत नाही. फक्त त्यात पैसे किंवा माल आला, की त्या दिवशी एक ई-मेल टाका.

आमच्या घरी ते बिलबुक अजून आहे. त्यातलं २०१३ चं ते पान जागेवर आहे, त्यावर थोडं तूपही लागलंय. कोणाला बघायचं असेल तर या, दिवाळीत या म्हणजे फराळही मिळेल. आता सेक्रेटरीसाहेब घड्याळाकडे बघतायत, चहा तयार झालेला दिसतोय.